सैल तारेचा आवाज

हेवी मेटल म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचा गोंगाट, असं आपल्यातले बरेच कार्यकर्ते धरून बसलेत. त्यांना तरी काय म्हणावं? आपल्यापर्यंत ते तसंच आलं. महाग तिकीट, महाग गिटार, इंग्रजी शिव्या. पण दोस्तहो, हा आवाज ज्याच्या हातातून निघाला त्याची बोटं कारखान्यात तुटलीत. हे मात्र कुणी आपल्याला सांगत नाही.

टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा, 1948 चा जन्म. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला होता. 1965 साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रावरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथं उभा केला. बदली! गिरणगावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक घेऊन गेलं. पोरगा डावखुरा. म्हंजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

आपल्याकडे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा भाव लिहिलेला होता. मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर कमाईची ताकद 7 टक्के कमी. अनामिकेचं एक पेर गेलं तर 5 टक्के. बेरीज 12. कवीची किंवा वाजवणाऱ्याची बोटं कुठल्या भावाने मोजायची, ते त्यात नव्हतं.

पोरगा घरी खचून बसला. तेव्हा फोरमनने त्याला एक रेकॉर्ड ऐकवली, जँगो राइनहार्टची. जँगो रोमा जमातीतला. युरोपाने गावकुसाबाहेर ठेवलेली ती जमात. 1928 साली राहत्या गाडीला आग लागून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली, आणि उरलेल्या बोटांवर त्याने सगळ्यांना मागे टाकलं. टोनीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं. हलक्या तारांचा सेट बाजारात नव्हता, तर बँजोच्या तारा लावल्या. पुढे 1971 च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'च्या काही गाण्यांत तारा दीड स्वर खाली उतरवल्या. सैल तार दुखऱ्या बोटाला सोसते. आणि सैल झाली की ती घुमते. जगभर ज्याला 'हेवी' म्हणतात, त्यातला मोठा हिस्सा हा असा सोय बघताना हाती लागला.

मी परळच्या चाळीत राहतो आणि भिवंडीला धोट्याच्या जुन्या लूमवर काम करतो. पणजोबा इथल्या गिरणीत होते, पण रिंग खात्यात. विणकाम खात्यात पगार जास्त, तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. आमच्या थुंकीचा विटाळ, कापडाचा नाही! जँगोचा हात जळाला त्याच 1928 साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. आज मी लूमवर उभा आहे तो त्या प्रश्नामुळे.

लूमवर बारा तास काढले की कान शिकतो. ताण्याचा धागा ताठ असला तर वेगळा बोलतो, सैल असला तर वेगळा. कुठं बिघडलंय ते डोळ्याआधी कानाला कळतं. त्याच कानाने मी आयोमीचं एकच गाणं चार मैफलींतलं ऐकलं. ब्लॅक सॅबथ या त्याच्या बँडचं 'चिल्ड्रेन ऑफ द ग्रेव्ह'. अणुबॉम्बच्या सावलीत वाढणाऱ्या पोरांना उठा म्हणणारं गाणं.

पहिलं मार्च 1973 चं. मँचेस्टर आणि लंडनच्या मैफलींतून 'लाइव्ह ॲट लास्ट' निघाली. आपली पँथर तेव्हा वर्षाचीही नव्हती. टोनी 25 वर्षांचा, माझ्याच वयाचा. गिटार आणि बिल वॉर्डचा ड्रम एकमेकांना ढकलत पळतात. ओबडधोबड, घाईतलं, पण जिवंत. ही रेकॉर्ड 1980 साली बँडला न विचारताच बाजारात आणली गेली. घाम एकाचा, विक्री दुसऱ्याची. हेही ओळखीचंच.

दुसरं 1982 चं, अमेरिकेतल्या मैफलींचं. रेकॉर्डचं नाव 'लाइव्ह ईव्हिल'. गायक बदललेला, रॉनी जेम्स डिओ. ड्रमवालाही नवा. हे गाणं तिकडे उन्हाळ्याच्या तोंडावर गर्जत होतं तेव्हा इथं लालबाग-परळमधल्या गिरण्या मुक्या होत्या. 18 जानेवारीपासून संप. आजोबा त्यात होते. वाजवणं सफाईदार, पण मला त्यात समोरची माणसं लांब वाटतात. नंतर आवाज जुळवताना भांडण झालं, कुणाचा आवाज वर ठेवायचा यावरून. गायक आणि ड्रमवाला बँड सोडून गेले. म्हंजे लाइव्ह म्हटलं तरी बटणावर कुणाचा तरी हात असतोच. मोर्च्याची बातमी वाचताना हे ध्यानात ठेवावं.

तिसरं डिसेंबर 1997 चं, 'रियुनियन'. मूळचे चौघे पुन्हा एकत्र, स्वतःच्या बर्मिंगहॅममध्ये. इथं गिटारला घाई नाही. लोक इतके ओरडतात की तेच पाचवं वाद्य होतं. ज्या गावाने बोटं खाल्ली त्याच गावाकडून हा माणूस दाद वसूल करतोय, असं मला वाटतं.

चौथं 4 फेब्रुवारी 2017 चं, 'द एंड'. तीच इमारत, पाटीवरचं नाव बदललेलं. टोनीला 69 पुरे व्हायला पंधरा दिवस कमी. 2012 पासून कॅन्सरशी झगडा. बिल वॉर्ड ड्रमवर नाही. पण हात ऐका. कुठं टेकायचं, कुठं सोडायचं, एकही हालचाल फुकट नाही. आमच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला कारागीर असाच चालतो.

वेगावर मार्क द्यायचे तर 1973 जिंकतं. मी 2017 ला देतो. 44 वर्षं तीच टोपणं, तेच दुखरे हात, आणि तरी वजन वाढत गेलं.

याचा अर्थ तुटलेलं बोट म्हणजे नशिबाचा दरवाजा, असा कुणी काढू नये. माझ्या शेजारच्या लूमवरच्याचं बोट गेलं. मालकाने पट्टी बांधून दिली आणि महिन्याने हिशोब दिला. त्याला कुठल्या फोरमनने रेकॉर्ड ऐकवली नाही. तो आता रात्रपाळीचा वॉचमन आहे. एक टोनी सुटला म्हणून यंत्राला माफी नाही. ज्यांची बोटं गेली आणि काहीच वाजलं नाही, त्यांची रेकॉर्ड कोण काढणार? ते आपलं काम.

आणि आणखी एक. माझ्या कविता परत येतात तेव्हा सोबत सल्ला येतो. छंद सांभाळा, भाषा शुद्ध करा. म्हंजे वाद्य आहे तसंच राहणार, हात तुम्ही बदला. टोनीने हात बदलला नाही. बदलता येतच नव्हता. त्याने तार उतरवली, आणि मग धडधाकट बोटांचे लोक आपल्या तारा उतरवून त्याच्यासारखं वाजवू लागले. आपल्या बोलीचं असंच व्हायचंय.

जयंतीला बेंजो वाजवणाऱ्या पोरांनी ही चारही रेकॉर्डिंगं एका रात्री ओळीने ऐकावीत. आपला बटणांचा बेंजो टोनीच्या बँजोहून वेगळा, पण तोही स्पीकर फाटेस्तोवर गर्जतोच. ऐकून झाल्यावर कुणाला 1973 च श्रेष्ठ वाटलं तर त्याने यावं. भांडायला मी तयार आहे.

जय भीम.