कूलरच्या पाण्यातले जीव

ग्वाल्हेरचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत खिडकीला लावलेला कूलर पावसाळा सरेपर्यंत तसाच राहतो आणि टाकीत एडिस डासाच्या अळ्या वळवळू लागतात. अशाच एका घरातली मुलगी आजीच्या धाकाने टाकी रिकामी करत वाढली. पाणी ओतलं की डास गेले, असं सगळ्यांनाच वाटे.

जिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतल्यावर त्या टाकीचं खरं रूप तिला कळलं. एडिसची मादी पाण्याच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि टाकी पुन्हा भरली की उबतात. म्हणजे टाकी नुसती ओतून भागत नाही, घासावी लागते. ऊन-उकाड्यात अंड्याचा डास व्हायला जेमतेम आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो याच हिशेबाने.

याच शहरात संरक्षण खात्याची डीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. तिचं मूळ 1947 सालच्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत. तिथल्या एम. जे. मेंडकी आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलं, की एडिसच्या अळ्यांपासून मिळणाऱ्या हेनिकोसेन या रसायनाकडे अंडी घालायला जागा शोधणारी मादी ओढली जाते. पुढे त्याला कीटकाची वाढ रोखणाऱ्या औषधाची जोड मिळाली. मादी आपणहून त्या पाण्यात येते, अंडी घालते, पण अळ्यांचे डास होत नाहीत. घरभर फवारा मारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं!

‘किडे शिकून पुढे काय?’ हा प्रश्न तिलाही नातेवाइकांनी विचारला. उत्तरं बरीच आहेत. मलेरिया-डेंग्यू नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमांना कीटकतज्ज्ञ लागतात. परदेशातून येणारं बी-बियाणं आणि रोपं बंदरांवर, विमानतळांवर तपासायला वनस्पती संगरोध केंद्रं आहेत. टोळधाडीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा तर 1939 पासूनची.

तिची वर्गमैत्रीण मात्र कृषी कीटकशास्त्राकडे वळली. ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात हिवाळ्यात मोहरी पिवळीधमक फुलते, तिच्यावर मावा पडतो आणि शेतकरी फवारणीचा पंप उचलतो. पण त्याच फुलांवर मुरैन्याच्या मधपाळांच्या मधमाश्या दिवसभर राबत असतात. शेतात ढालकिडे पुरेसे असतील तर मावा तेच फस्त करतात. फवारावंच लागलं, तर माश्या पेटीत परतल्यावर, संध्याकाळी फवारावं, हे ती गावोगाव सांगत फिरते.