वाऱ्याची शिकवणी

आमच्या श्रीगोंद्यात पाण्याचा विषय निघाला म्हणजे तो कुकडीच्या आवर्तनाचा. कालव्याला पाणी कधी सुटणार आणि टेलपर्यंत पोचणार की नाही, एवढीच आमची जलविद्या! अशा गावात मराठी शिकवणाऱ्या मास्तराने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हातात पंख धरून समुद्रावर उभे राहू पाहावे, हे माझे मलाच अजून खरे वाटत नाही.

हौसेने मी गेलोच नव्हतो. चिरंजिवांनी इंजिनिअरिंगचे दुसरे वर्ष अर्धवट सोडून गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर विंगफॉइल शिकवणाऱ्यांकडे नोकरी धरली, त्याला सव्वा वर्ष झाले होते. तेवढे दिवस आम्हां बापलेकांचे बोलणे त्याच्या आईमार्फत चाले. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात मी त्याला परत आणायला निघालो. खिशात तिसऱ्या रात्रीची परतीची दोन तिकिटे होती.

"दोन वाजता वारा येतो, मग बोलू," तो म्हणाला. खारे वारे नि मतलई वारे आपण शाळेत पाठ करतो. पण माझा मुलगा त्यांच्यावर आपले घड्याळ लावत असेल, हे मला ठाऊक नव्हते. वारा आला, बोलणे राहिले. "एकदा धरून तर बघा," म्हणत त्याने पंख माझ्या हातात दिला.

हे प्रकरण असे असते. हवा भरून फुगवलेला पंख हातांत धरायचा. पायांखाली फळी, आणि फळीच्या पोटाला दीड-दोन हात लांब दांडा, त्याच्या टोकाला विमानासारखे चिमुकले पंख. पाणी हवेहून सुमारे आठशे पट दाट; म्हणून वेग आला की तेवढ्याशा पंखांवर फळी माणसासकट पाण्याबाहेर उचलली जाते. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलची अशाच पंखांवरची नाव १९१९ साली ताशी ११४ किलोमीटर वेगाने धावली होती.

माझा पहिला दिवस वाळूतच गेला. दुसऱ्या दिवशी फळीवर गुडघे टेकले. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलो होतो, तेवढेच माझे भांडवल. वर त्याने अंगात तरंगते जाकीट घातलेले.

"बाबा, पायांकडे बघू नका. समोर बघा."

मी पायांकडे बघे आणि पडे. पन्नासएक वेळा तरी पडलो असेन. त्याने एकदाही आवाज चढवला नाही. त्याला ऱ्हस्वदीर्घ शिकवताना माझ्या हातात पट्टी असे. तोंडात गेलेले पाणी थुंकताना ती नेमकी आठवली.

तिसऱ्या दिवशी उभा राहिलो. पंखात वारा भरला, फळीखालची खळखळ वाढली आणि एकाएकी बंद झाली. मी पाण्याच्या वर होतो! अशा वेळी पुढच्या पायावर भार द्यायचा असतो. मी घाबरून मागे रेललो. मागे रेलले की फळी आणखी चढते, खालचे पंख पाण्याबाहेर येतात आणि सगळा डोलारा कोसळतो. तसा तो कोसळला.

तो पोहत जवळ आला.

"किती वेळ होतो रे वर?"

"चार सेकंद."

"एवढेच?"

"मला पहिल्यांदा दोनच जमले होते," तो म्हणाला. मग फळी सरळ करता करता, माझ्याकडे न बघता, "गाडी किती वाजता आहे?"

"रात्री नऊला," मी म्हणालो. "वारा किती वाजेपर्यंत असतो?"