कृष्णाकाठची वाई

महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्या वाईत चहापुरत्या थांबतात आणि पसरणीचा घाट चढू लागतात. आपण सुट्टीत मुलांना घेऊन निघाल तेव्हा एक सकाळ वाईसाठी जरूर राखून ठेवा. साताऱ्याहून हे गाव जेमतेम 35 किलोमीटर आहे.

नदीकाठी गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे दगडी घाट आहेत. जशी आळी तसे घाटाचे नाव. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. पायऱ्यांवर निवांत बसता येते. गणपती आळीच्या घाटावर रास्त्यांनी 1762 साली बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आहे. त्याची मागची भिंत मुलांना बाहेरून दाखवा. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर येऊन दोन्ही बाजूंना फाकते. आम्ही सांगलीचे. हेच पाणी पुढे आमच्याकडे येते. 2019 चा पूर पाहिलेल्या माझ्या मुलांना ती भिंत फारशी समजावून सांगावी लागली नाही.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. तिथे नाना फडणविसांचा वाडा आणि नदीवरचा सुंदर घाट आहे. घाटावरची मोठी घंटा वसईकडच्या एका पोर्तुगीज चर्चची. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर ती इकडे आली. तिच्यावर 1707 हे साल आणि बाळाला घेतलेल्या मेरीची, म्हणजे आपल्या बीबी मरियमची, आकृती आहे.

शाळेत मात्र मुलांना वाई भेटते ती 1659 च्या प्रसंगात, अफझलखानाच्या छावणीचे गाव म्हणून. तो धडा सुरू झाला की वर्गातली आपली काही मुले मान खाली घालून बसतात. त्यांना कोणी काही बोललेले नसते, तरीही. मी भाषा शिकवते, इतिहास नाही. पण अशा मुलांना मी दोन नावे सांगते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता आणि शिवाजी महाराजांनी भेटीच्या वेळी सोबत घेतलेल्या दहा जणांत सिद्दी इब्राहीम होता. लढाई दोन सत्तांची होती. तिचा जाब चौथीतल्या मुलाने का द्यावा?

याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. विश्वकोशाचे कार्यालय आजही वाईत आहे. संस्कृत शास्त्रे शिकलेल्या या पंडितांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या ग्रंथात इस्लाम धर्मावर नोंद आहे, उर्दू साहित्यावर आहे. आपल्या कितीतरी घरांत मुले उर्दू ऐकत वाढतात आणि मराठीत शिकतात. या दोन्हींना एका ग्रंथात जागा आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवे. आता विश्वकोश मोबाइलवरही मोफत वाचता येतो.

जायचे तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. डबा घाटावर खाल्लात तर कागद, पिशव्या परत आणा; खाली कराड आहे, सांगली आहे. आणि घरी आल्यावर मुलांना विश्वकोशातली एकेक नोंद निवडू द्या. आमच्याकडे धाकटीने उर्दू शोधले, थोरल्याने वाई.