तीर्थ घ्यायला न्यूबर्गला!

फ्रायडेला ऑफिस सुटलं की ‘चला, तीर्थ घ्यायला’ म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. त्याला वाटतं, काय भारी पीजे मारला! पण व्हिस्कीच्या नावामागे खरोखरच मठातले साधू आहेत, बॉस.

स्कॉटलंडला गेलात तर एडिंबराचा किल्ला, लॉक नेस वगैरे कराच. पण एक दिवस फाइफमधल्या न्यूबर्ग गावासाठी ठेवा. एडिंबराहून गाडीनं साधारण तासाभरावर, टे नदीच्या काठी लिंडोर्सचा मठ आहे. म्हणजे होता. ११९१ च्या सुमारास बांधलेला, १५५९ मध्ये जॉन नॉक्सच्या माणसांनी मोडलेला. आता लालसर दगडाच्या पडक्या भिंती, एखादी कमान आणि भरपूर गवत. फोटोत फार काही येत नाही.

पण १४९४ च्या सरकारी हिशेबात एक ओळ आहे. राजा चौथा जेम्स याच्या हुकुमावरून फ्रायर जॉन कॉरला ‘अ‍ॅक्वा व्हायटी’ बनवायला आठ बोल माल्ट दिल्याची. आठ बोल म्हणजे जवळपास अर्धा टन. एकट्या साधूचा घसा ओला करायला जरा जास्तच! स्कॉचचा हा सगळ्यात जुना लेखी पुरावा, आणि हा जॉन कॉर लिंडोर्सचाच, असं मानतात. तेव्हाची दारू पिंपात मुरवलेली नव्हती. पाण्यासारखी स्वच्छ, औषध म्हणून घ्यायची. १५०५ मध्ये एडिंबरात ती बनवायचा हक्क मिळाला तो कुणाला, तर सर्जन आणि न्हाव्यांच्या संघाला.

अ‍ॅक्वा व्हायटी हे लॅटिन. अर्थ, जीवनाचं पाणी. गेलिक भाषेत त्याचं शब्दशः झालं ‘उश्के बेहा’. उश्के म्हणजे पाणी, बेहा म्हणजे आयुष्य. हे शब्द आपल्याला अगदीच परके नाहीत. भाषेच्या खानदानात उश्के हा आपल्या ‘उदक’चा लांबचा भाऊ, आणि बेहा हा ‘जीव’चा. (रशियन व्होडकाही याच उदकाच्या घरातली. म्हणजे बारमधलं अर्धं शेल्फ नात्यातलंच!) पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी उश्केचं व्हिस्की झालं आणि मागच्या बेहावर त्यांनी सरळ उदक सोडलं. आयुष्य गेलं, पाणी राहिलं. स्पेलिंगमध्ये स्कॉटिश लोक ‘ई’ घालत नाहीत, आयरिश बहुतेक घालतात आणि त्यावरून तावातावानं भांडतात. देवनागरीत ही कटकटच नाही.

मठासमोर रस्त्यापलीकडे २०१७ मध्ये लिंडोर्सच्याच नावानं नवी डिस्टिलरी सुरू झाली. टूर घ्या, चव घ्या, फक्त परत येताना गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

व्हिस्की हा शब्द जगातल्या कुठल्याही बारमध्ये कळतो. तो ज्या भाषेनं दिला ती बोलू शकणारे स्कॉटलंडमध्ये २०२२ च्या जनगणनेत सत्तर हजारांच्या आसपास भरले. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. तेव्हा ग्लास उचलताना नुसतं ‘चिअर्स’ नको. ‘स्लांजे वा’ म्हणा. अर्थ, तब्येत छान राहो.