पाच मिनिटांनंतरचा मेंदू

अपस्माराचा झटका बहुतेक वेळा आपोआप थांबतो, आणि मेंदूच्या अभ्यासकाच्या दृष्टीने खरे नवल झटका सुरू होण्यात नसून तो थांबण्यात आहे. असंख्य चेतापेशी एकाच लयीत विद्युत्संदेश सोडू लागल्या की शुद्ध हरपते, अंग ताठ होते आणि हातपाय आचके देऊ लागतात. परंतु साधारणपणे दोन-तीन मिनिटांत मेंदूची स्वतःची आवर घालणारी यंत्रणा हा उद्रेक शमवते. ही यंत्रणा जेव्हा हरते, झटका लांबतच जातो किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका येतो, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यकात ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. पूर्वी या निदानासाठी तीस मिनिटांची मर्यादा मानली जाई. २०१५ साली अपस्मारविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने सर्वांगाला येणाऱ्या झटक्यासाठी दोन वेळा निश्चित केल्या: पाच मिनिटांनंतर झटका आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, आणि तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका संभवतो. या दोन वेळांमधली पंचवीस मिनिटे हेच या विषयाला वाहून घेतलेल्या संशोधकाचे कार्यक्षेत्र होय.

गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधलेल्या धावपट्टीमुळे ओळखले जाते, आणि आज तेथे विमानतळ आहे. परंतु आसपासच्या धानाच्या बांध्यांमध्ये किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर कोणाला मिरगी आली, तर ती पंचवीस मिनिटे कशी खर्च होतात हे पाहणे संशोधकालाही आवश्यक आहे. कोणी नाकाशी कांदा धरतो, कोणी मुठीत किल्ली कोंबतो, कोणी दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालू पाहतो, आणि १०८ क्रमांकावर फोन लागून रुग्णवाहिका येईपर्यंत व पुढे गोंदियाच्या रुग्णालयात शिरेतून पहिले औषध जाईपर्यंत दुसरी मर्यादाही ओलांडलेली असू शकते. यात घरच्यांचा दोष नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे, एवढे तीन गोष्टींचे ज्ञानही त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्याकडून ते पुरेसे झालेले नाही.

धानाच्या प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. रोवणीच्या दिवसांत बांध्यांत साचलेल्या पाण्यात क्यूलेक्स जातीच्या डासांची पैदास होते, आणि डुकरे व बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्या शरीरात वाढणारा जपानी मेंदूज्वराचा विषाणू हे डास माणसापर्यंत आणतात. पूर्व विदर्भ या आजाराच्या पट्ट्यात मोडतो. मेंदूज्वर घडवणाऱ्याच चांदीपुरा विषाणूला तर नागपूरकडच्याच एका गावाचे नाव मिळालेले असून, पुण्याच्या संशोधकांनी १९६५ साली नागपूर परिसरातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून तो वेगळा केला. या दोन्ही आजारांत, विशेषतः मुलांमध्ये, तापापाठोपाठ झटके येतात आणि ते लांबू शकतात. म्हणून येथे लांबलेला झटका हा केवळ जुन्या अपस्माराच्या रुग्णांचा प्रश्न राहत नाही. काल अंगणात धावणारे मूलही त्यात सापडते.

झटका जितका लांबतो तितके औषध निष्प्रभ का होते, हा या क्षेत्रातील सर्वांत फलदायी प्रश्न ठरला. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही प्रथमोपचाराची औषधे ‘गाबा’ या शामक रसायनाचे काम वाढवतात. गाबा चेतापेशीच्या आवरणावरील ग्राहींना, म्हणजे ठरावीक रसायनच ओळखणाऱ्या प्रथिनांना, चिकटते. त्यामुळे क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशीची उत्तेजना उतरते. भारतीय वंशाचे चेताशास्त्रज्ञ जयदीप कपूर आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट मॅकडोनाल्ड यांनी १९९७ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील, म्हणजे स्मृतीशी निगडित भागातील, पेशींवर दाखवून दिले की लांबलेल्या झटक्यादरम्यान या ग्राहींचा औषधाला मिळणारा प्रतिसाद झपाट्याने घटतो. पुढे अनेक प्रयोगशाळांनी त्याचे एक कारण उलगडले: चेतासंधीवरील, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यावरील, हे ग्राही पेशीच्या आत ओढले जातात, तर उत्तेजना वाढवणारे ग्राही पृष्ठभागावर वाढतात. औषध रक्तात पुरेसे असते, पण कुलूपच दारावरून काढून आत ठेवल्यावर किल्ली कोठे लावणार?

हे सिद्ध करणारे काम संथ असते आणि ते हाताच्या सफाईवर चालते. पिलोकार्पिन या वनस्पतिजन्य द्रव्याने उंदरात लांबलेला झटका निर्माण करतात. प्राण्याला होणाऱ्या क्लेशाची जबाबदारी अशा प्रत्येक प्रयोगावर असते, आणि नैतिक समितीची मंजुरी मिळाली म्हणून ती संपत नाही. त्यानंतर मेंदूचा भाग तत्परतेने काढून कंपन पावणाऱ्या पात्याने त्याचे मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतके पातळ काप घेतात आणि प्राणवायूचे बुडबुडे सोडलेल्या क्षारद्रावणात ते काही तास जिवंत ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली एक पेशी निवडून, जेमतेम एक मायक्रॉन तोंडाची काचेची नळी तिच्या आवरणाला टेकवतात आणि तोंडाने अगदी हलके शोषण देतात. आवरण काचेला घट्ट चिकटले की पडद्यावरील रेषा एकदम सपाट होते आणि ग्राहींमधून वाहणारा अतिसूक्ष्म प्रवाह मोजता येऊ लागतो. ‘पॅच क्लॅम्प’ म्हणून ओळखले जाणारे हे तंत्र विकसित करणाऱ्या नेहर आणि साकमान या शास्त्रज्ञांना १९९१ साली नोबेल मिळाले. शोषण किंचित जास्त झाले तर पेशी फाटते, कमी पडले तर चिकटतच नाही, आणि अनेकदा दिवसभराच्या खटाटोपातून मोजक्याच विश्वासार्ह नोंदी हाती येतात. ही चिकाटी या विद्येचा गाभा आहे.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष रुग्णापर्यंत सरळ वाटेने पोचतो असे मात्र नाही. आत न ओढल्या जाणाऱ्या, चेतासंधीबाहेरच्या ग्राहींवर काम करणारे ब्रेक्सानोलोन हे औषध मोठ्या अपेक्षेने तपासले गेले, पण कशालाही न जुमानणाऱ्या झटक्यांवरील त्याची अंतिम टप्प्यातील चाचणी २०१७ साली अपयशी ठरली. कपूर यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पहिल्या औषधाला न बधलेल्या ३८४ रुग्णांवर लेव्हेटिरासेटाम, फॉस्फेनिटोइन आणि व्हॅल्प्रोएट यांची तुलना झाली. तिन्ही औषधांनी जवळपास सारख्याच, म्हणजे निम्म्याहून थोड्या कमी रुग्णांत झटका आटोक्यात आणला. कोणाला यात निराशा दिसेल, परंतु जिल्हा रुग्णालयासाठी हा निष्कर्ष मोलाचा आहे, कारण तिन्हींपैकी जे हाताशी असेल आणि त्या रुग्णाला सोसेल ते निःशंकपणे वापरता येते.

त्याहून मोलाचा धडा २०१२ सालच्या एका अमेरिकी चाचणीने दिला. रुग्णवाहिकेतच स्नायूत दिलेल्या मिडाझोलामने सुमारे ७३ टक्के रुग्णांचा झटका रुग्णालयात पोचण्यापूर्वी थांबला, शिरेतून दिलेल्या लोराझेपामने सुमारे ६३ टक्के रुग्णांचा. शिरेतले औषध लवकर काम करते हे खरे, पण आचके देणाऱ्या हातात शीर शोधण्यातच वेळ जातो. नाकात फवारण्याचे मिडाझोलाम आज भारतात मिळते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते रुग्णाच्या घरी ठेवता येते, आणि प्रशिक्षित आशा कार्यकर्तीच्या पिशवीतही ते का असू नये, हा प्रश्न आता प्रयोगशाळेने नव्हे, आरोग्य खात्याने सोडवायचा आहे.

संशोधकाच्या वाट्याला मात्र एक कठीण काम अजून उरते. प्राण्यांमध्ये लांबलेला झटका ओसरल्यावर काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा शांत काळ जातो, त्या काळात मेंदूतील जोडण्या बदलत राहतात आणि मग आपोआप झटके येऊ लागतात. माणसात हा काळ वर्षानुवर्षांचा असू शकतो, आणि तो अपस्मारात बदलू न देणारे सिद्ध औषध आजही नाही. मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलांपैकी कोणाला पुढे अपस्मार होतो, हे शोधायचे तर धान कापून झाल्यावर कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांमागेही वर्षानुवर्षे जावे लागेल, दर भेटीत मेंदूचा विद्युत्‌-आलेख घ्यावा लागेल आणि शाळेच्या हजेरीपासून झोपेपर्यंतच्या नोंदी ठेवाव्या लागतील, आणि असा अभ्यास महानगरातील रुग्णालयात बसून होणार नाही.