गुरुगृहाची किल्ली

‘रेसिडेंट’ डॉक्टर हा शब्द आतां इतका रुळला आहे, कीं त्याचा मूळ अर्थ ‘तेथेंच राहणारा’ असा आहे, हें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. अमेरिकेंत बाल्टिमोर येथें १८८९ सालीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें, आणि तरुण डॉक्टरांनीं रुग्णालयांतच राहून कित्येक वर्षें उमेदवारी करावी, ही पद्धत तेथें रूढ झाली. शस्त्रक्रियेच्या शाखेंत तिला वळण लावलें तें विल्यम हॉल्स्टेड यांनीं. हात कुशल, पण स्वभाव अबोल व दुरावा राखणारा. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं पुढें विख्यात झालेले हार्वे कुशिंग त्यांच्याच हाताखालीं तयार झाले. परंतु कुशिंगना आपल्या घराची किल्ली दिली, ती हॉल्स्टेडनीं नव्हे. दुसऱ्याच शाखेच्या विल्यम ऑस्लर यांनीं! शेजारीं राहणाऱ्या तरुण डॉक्टरांना ते किल्ल्या देऊन ठेवीत. केव्हांहि यावें, ग्रंथ चाळावे, बोलत बसावें. कुशिंगनीं १९२५ सालीं ऑस्लरांचें दोन खंडी चरित्र लिहिलें, यांत नवल तें काय?

माझी भाची एका मोठ्या रुग्णालयांत एम्. डी. करीत आहे. १९९२ च्या सरकारी योजनेप्रमाणें निवासी डॉक्टरांस सामान्यतः सलग बारा तासांहून अधिक काम नसावें, असें मीं तिला सांगितलें, तेव्हां ती नुसतीच हसली. तिचे प्रबंधाचे ‘गाइड’ विद्वान् आहेत. परंतु पहांटे एक रोगी दगावला, तेव्हांपासून हात कांपतो, हें तिनें त्यांना सांगितलें नाहीं, मला सांगितलें. “मामा, सही त्यांचीच लागते ना,” एवढाच खुलासा. आणि मी तर जन्मभर हिशेबाच्या वह्या तपासलेला मनुष्य! मी काय बोलणार?

आतां तेथें ‘मेंटॉर’ योजना निघाली आहे. फळ्यावर यादी लागली. पांच जणांमागें एक अध्यापक, महिन्यास एक भेट, भेटीची नोंद. असल्या नोंदींवर माझा फारसा विश्वास नाहीं. मात्र योजना करणारानें एक गोष्ट शहाणपणाची केली : भाचीच्या वांट्यास आलेल्या बाई दुसऱ्या शाखेच्या आहेत, तिच्या परीक्षेशीं किंवा प्रबंधाशीं त्यांचा कांहींएक संबंध नाहीं. पहिल्या भेटींत दोघींनीं चहा घेऊन नोंद भरली. दुसऱ्या भेटींत बाईंनीं आपल्या उमेदवारींत दगावलेल्या एका रोग्याची हकीकत सांगितली, व भाचीकडून त्या पहांटेची ऐकून घेतली. नोंदवहींत त्या दिवशीं कांहींच लिहिलें गेलें नाहीं. उठतांना बाईंनीं तिला आपल्या घरचा पत्ता मात्र दिला.