शोभेची उशी

उशा दोन जातीच्या. डोक्याखालच्या उशीला अभ्रा लागतो, शोभेच्या उशीला पहारेकरी! आमच्या सौ.ने शोभेच्या उशा घरीच शिवायच्या ठरवल्या आणि आईचं जुनं लुगडं ट्रंकेतून बाहेर आलं. मी पडलो बी.कॉम., तेव्हा हिशेब माझ्याकडे. १६ इंची उशीला पुढून १७ इंचांचा चौकोन. मागून १७ बाय ११ चे दोन तुकडे, एकावर एक चढवलेले. म्हणजे बटणाची कटकट नाही. लुगडं ९ वार, म्हणजे ३२४ इंच, पन्हा ४५. उत्तर आलं : १९ उशा! घरात माणसं ४.

आत सावरीचा कापूस. गुळगुळीत असल्यामुळे त्याचं धड सूत निघत नाही, म्हणून तो उशीत जातो. कॉमर्सला गेलेल्या मुलासारखाच.

"कापू ना, आई?" हिने विचारलं.

आईने काठावरून हात फिरवला. म्हणाली, "काप. ट्रंकेत कोण बघतंय?"

सहा उशा झाल्या आणि फर्मान निघालं : कोणी टेकायचं नाही! आई मात्र रोज दुपारी खुशाल टेकून घोरते. हिची बोलायची छाती नाही. बँकेत आम्ही यालाच मूळ ठेवीदाराचा हक्क म्हणतो.